पुढाऱ्याची वंशावळ : विचारायची कोणी, कोणाला?

सावजी_समीक्षक
राजकीय धागे इथं दुसऱ्या पानावर पेटतात हे माहीत असूनही काढतोय. विषय डोक्यातून जात नाही.

मार्च २०२४. आपलं रामटेक, अनुसूचित जातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ. काँग्रेसच्या उमेदवार रश्मी बर्वे, नागपूर जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्षा. अर्ज भरायची मुदत २७ मार्चला संपली, छाननी २८ला. आणि नेमकं त्याच २८ तारखेला जात पडताळणी समितीनं त्यांचं प्रमाणपत्र रद्द केलं. उमेदवारी बाद. यजमान श्यामकुमार बर्वे यांनी पर्यायी अर्ज भरून ठेवला होता म्हणून पक्षाची अब्रू वाचली. ते लढले आणि खासदार झाले. पुढं २४ सप्टेंबरला नागपूर खंडपीठानं समितीचा तो आदेशच रद्दबातल ठरवला. तोवर निकाल लागून तीन महिने उलटले होते. बाईंना न्याय मिळाला, तिकीट मात्र गेलं ते गेलंच.

आता दुसरीकडं बघा. ३१ जुलै २०२४, शिकागो. कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संघटनेचं अधिवेशन, आणि त्याच व्यासपीठावर डोनाल्ड ट्रम्प सांगतात की कमला हॅरिस आधी भारतीय म्हणवून घ्यायच्या, मग अचानक कृष्णवर्णीय झाल्या. बाईंची आई श्यामला गोपालन मद्रासची, कर्करोगावर संशोधन करणारी. वडील डोनाल्ड हॅरिस जमैकाचे, स्टॅनफर्डला अर्थशास्त्र शिकवायचे. बाई स्वतः हॉवर्ड विद्यापीठात शिकल्या. कृष्णवर्णीयांची म्हणून ओळखली जाणारी ही नामांकित संस्था, आणि तिथून त्या १९८६ साली पदवी घेऊन बाहेर पडल्या. हे ‘अचानक’ चाळीसेक वर्षं चाललं होतं म्हणायचं.

माझं म्हणणं थोडक्यात. पुढाऱ्याच्या ओळखीला काही राखीव जागा, सवलत चिकटलेली असेल तर कागद मागायचा हक्क लोकांना आहे. पण तो कागद वेळेत मागा आणि सगळ्यांना सारखा मागा. जिथं असं काहीच चिकटलेलं नाही, तिथं ‘तू नक्की कोण’ हा प्रश्न म्हणजे समोरच्याला उंबऱ्याबाहेर उभं करायची युक्ती आहे. विचारणारा स्वतः कधीच कागद दाखवत नाही. ट्रम्प यांच्या घराण्यात कित्येक वर्षं ‘आम्ही स्वीडिश’ असं सांगायची पद्धत होती. आजोबा निघाले जर्मनीतल्या कालस्टाटचे. त्यावरून त्यांना कुणी भर सभेत उभं करून विचारल्याचं ऐकलंय का?

डॉलरबापू
मूळ धंतोलीचा, सध्या न्यू जर्सी. इकडची बाजू जरा इस्कटून सांगतो.

समीक्षकांनी सांगितलं त्याची आधीची आवृत्ती म्हणजे ओबामा. जन्म ४ ऑगस्ट १९६१, होनोलुलू. २००८च्या प्रचारातच त्यांनी जन्मदाखल्याची अधिकृत नक्कल जाहीर केली. तरी ‘खरा दाखला कुठंय?’ चालूच. शेवटी २७ एप्रिल २०११ला व्हाइट हाउसनं रुग्णालयाच्या नोंदीसकट सविस्तर दाखला काढून दाखवला. बसले का लोक गप्प? या मागणीचे सगळ्यात मोठे भोंगे असलेल्या ट्रम्प यांनी ओबामा अमेरिकेतच जन्मले हे कबूल केलं सप्टेंबर २०१६मध्ये. तेही धड अर्ध्या मिनिटात उरकलं.

यामागं जुना हिशेब आहे. व्हर्जिनियात १९२४ साली वंशशुद्धीचा कायदा झाला. गोरा कोण, तर ज्याच्या रक्तात दुसऱ्या कुठल्याही वंशाचा अंशसुद्धा नाही तो. पण तिथली कित्येक बडी घराणी पोकाहॉन्टस या आदिवासी राजकन्येचे वंशज म्हणून मिरवायची! मग त्यांच्यासाठी कायद्यात फट ठेवली : आदिवासी रक्त सोळाव्या हिश्श्यापर्यंत असेल तर चालेल. कायदा करणाऱ्यांची सोय कायद्यातच. मिश्र विवाहांवरची बंदी थेट १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं उठवली. जनगणनेत एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायची मुभा मिळाली ती २०००मध्ये. ही मुभा असूनही ओबामांनी २०१०च्या जनगणनेत फक्त कृष्णवर्णीय या एकाच चौकटीत खूण केली होती. आई गोरी, वाढवलं गोऱ्या आजी-आजोबांनी. त्यावरूनही इथं भरपूर टीका झाली.

खडूस_काका
बापू, छान. पण एकच बाजू सांगून राहिलात. तिथल्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांचं काय? १९८६ साली टेक्ससच्या वकील संघटनेच्या कार्डावर स्वतःच्या हातानं ‘अमेरिकन इंडियन’ लिहिलं होतं. पुढं राष्ट्राध्यक्षपदाचे वेध लागल्यावर ऑक्टोबर २०१८मध्ये डीएनए चाचणीचा अहवाल घेऊन आल्या. निघालं काय, तर सहा ते दहा पिढ्यांमागं कुणीतरी एक आदिवासी पूर्वज. लोकांनी विचारलं नसतं तर हे खपून गेलं असतं. तेव्हा विचारणारे सगळेच द्वेष्टे असतात हा सूर सोडा.

डॉलरबापू
काका, उदाहरण चोख आहे. मात्र त्या प्रकरणातला खरा दणका चेरोकी या आदिवासी जमातीच्या चेरोकी नेशननं दिला, तो विसरू नका. त्यांनी सुनावलं की आमचं नागरिकत्व डीएनएनं ठरत नाही. त्यांच्याकडं डॉज रोल्स म्हणून एकोणिसावं शतक संपता संपता सुरू झालेली नावांची यादी आहे. त्या यादीतल्या माणसाचे थेट वंशज असाल तर तुम्ही चेरोकी. घरात आजी काय गोष्ट सांगायची याला किंमत नाही. वॉरनबाईंनी पुढं २०१९च्या सुरुवातीला चेरोकी नेशनची माफी मागितली.

गंमत म्हणजे खराखुरा आदिवासी उपराष्ट्राध्यक्ष अमेरिकेला १९२९ सालीच मिळाला होता. चार्ल्स कर्टिस, आईकडून कॉ जमातीचे. शाळेत कुणी शिकवत नाही.

बर्डीचा_अर्जनवीस
डॉज रोल्स वाचून हसू आलं. म्हणजे सातासमुद्रापारही शेवटी जुनं रजिस्टरच!

मी कलेक्टर कचेरीच्या आसपास अर्ज, शपथपत्रं, वंशावळी लिहून देतो. तारखा पाठ आहेत : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीपासून तुमचं घराणं इथलं आणि त्याच जातीचं, हे दाखवावं लागते. दाखवायचं कशानं, तर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीची नक्कल, शाळेच्या दाखलखारीजचा उतारा, आजोबा-पणजोबांचा जन्ममृत्यू. आणि २०००च्या कायद्यात सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर. आरोप करणाऱ्यानं नुसता अर्ज टाकला की झालं.

आपल्या भागाची अजून एक भानगड आहे. १९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी. शिवनी, छिंदवाडा, बालाघाट हा सगळा एकच मुलूख, सोयरिकी तिकडं. मग राज्याची रेघ पडली. आता आजोबांची नोंद छिंदवाड्यात निघाली की गिऱ्हाइकाचा चेहरा पडते, कारण दुसऱ्या राज्यातली नोंद इथल्या आरक्षणाला चालत नाही.

दक्षता पथकाची, म्हणजे पडताळणी समितीसाठी कागद तपासणारी माणसं काही हुशार असतात बरं का. एकदा एका जुन्या शाळेत माझ्यासमोर मूळ रजिस्टर काढलं. अख्ख्या पानावर दौतीची शाई, उडून तपकिरी झालेली. जातीच्या रकान्यात एका ओळीची शाईही तशीच तपकिरी, नुसतं बघून शंका येणार नाही. त्या माणसानं काही न बोलता पान उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं. त्या एकाच शब्दाखाली कागद उठलेला. बॉलपेन दाबून लिहिलं की असं उठते. ती नोंद १९४० सालातली म्हणून दाखवली होती.

सावजी_समीक्षक
वा! हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सोनं झालं.

विणकरपोर
मी गोळीबार चौकातला. तुमाले हे सगळं वाचायले मजा येऊन राहिली, आमच्या घरी याच्यावर चूल पेटते न विझते.

हलबा-कोष्टीचं प्रकरण नागपुरात कोणाले सांगा लागत नाई. हलबा म्हंजे आदिवासीच्या यादीतली जमात, कोष्टी म्हंजे विणकर. आमचे बापजादे माग चालवत होते, म्हणून कागदावर कुठं कोष्टी, कुठं हलबा, कुठं हलबा कोष्टी. २८ नोव्हेंबर २०००ले घटनापीठानं निकाल देला का राष्ट्रपतीच्या यादीत जे लिहिलं हाये तेच. हलबामधी हलबा कोष्टी येत नाई. ज्या पोराची ती केस होती त्याची एमबीबीएसची डिग्री तेवढी वाचवली. मंग जुलै २०१७ले अजून एक निकाल आला, का दावा अवैध ठरला तर नोकरीले संरक्षण नाई. सरकारनं २१ डिसेंबर २०१९ले जीआर काढून अशा लोकाईले अधिसंख्य पदावर टाकलं. अकरा महिन्याची नेमणूक. तीस-तीस वर्स नोकरी करून माणूस पन्नाशीत कंत्राटी झाला बाप्पा.

आता पुढारी पाहा. प्रत्येक इलेक्शनले आमच्या मोहल्ल्यात येऊन म्हणते, तुमचा प्रश्न सोडवतो. त्याईच्या स्वतःच्या कागदाचा वाद झाला का वकिलांची फौज उभी राहते, तारीख भेटते, स्टे भेटते. आमाले काऊन नाई भेटत?

रानपाखरू
विणकरपोर भाऊ, तुमच्या घरची अडचण कळते. पण दुसरी बाजू मी लिहिणार, राग मानू नका.

मी गोंड. देवलापारकडचं गाव, शिक्षण नागपुरात. १९७६च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या जमातींवरचं क्षेत्रबंधन उठलं. त्याच्या आधी ठरावीक तालुक्यांतच जमात मानली जायची. बंधन उठल्यावर नावात थोडंफार साम्य असलेले किती तरी समाज आमच्या यादीत शिरले. वैद्यकीयच्या जागा, नोकऱ्या, आमदारक्या. आमची गडचिरोलीची पोरं यादीच्या तळाला. तेव्हा पडताळणी हवीच, आणि पुढाऱ्याची तर दुप्पट कडक हवी, कारण राखीव मतदारसंघातला एक खोटा आमदार म्हणजे पाच वर्षं अख्ख्या जमातीचं तोंड बंद.

आणि आता त्याच पडताळणीत माझं काय झालं तेही सांगते. तुमचा कुलदेव कोणता? किती देवांचे? लग्नात मांडव कुठल्या झाडाचा? गोंडी बोलता का? मी वसतिगृहात वाढलेली, गोंडी तोडकीमोडकी. समोरच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की जीन्स घातलेली गोंड त्यांना पटत नाहीये. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही आप्तभाव चाचणी म्हणजे लिटमस कागद नव्हे, तिच्या एकटीवर दावा फेटाळता येणार नाही. माझ्या वेळी हा निकाल असता तर इतकी रडले नसते.

कमला हॅरिसना विचारत होते ना, तुम्ही पुरेशा काळ्या आहात का? ते ऐकताना मला तो मांडवाचाच प्रश्न आठवत होता.

खडूस_काका
रानपाखरू ताई, प्रतिसाद आवडला. हे शहर वसवलं तुमच्या बख्त बुलंद शाहनं, आणि तुमच्याच दाखल्यावर शंका! पण मग आदिवासी म्हणून मान्यता मागणाऱ्या गोवारींचं काय म्हणाल?

रानपाखरू
काका, त्यांच्या दुःखावर मी काय बोलणार. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशनावरचा मोर्चा, चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. बहुतेक बाया आणि लेकरं. माझी मावशी त्या दिवशी बर्डीत होती, अजून त्या रस्त्यानं गेली की बोलायची थांबते. १४ ऑगस्ट २०१८ला नागपूर खंडपीठानं गोवारी हे आदिवासीच असं म्हटलं, १८ डिसेंबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. यादीत ‘गोंड गोवारी’ आहे, नुसते गोवारी नाहीत. सरकारनं उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद असं नाव दिलं. पुलाच्या पाटीवर आदिवासी आहेत, दाखल्यावर नाहीत.

विणकरपोर
+१. ताई, राग नाई मानला. तुमचं बी बरोबर हाये. भांडण लावणारे वेगळेच हायेत.

संत्राबर्फी
कुणी अमरावतीचा विषय कसा काढला नाही अजून? नवनीत राणा २०१९ला राखीव जागेवरून खासदार. ८ जून २०२१ला मुंबई उच्च न्यायालयानं ‘मोची’ जातीचं प्रमाणपत्र रद्द केलं आणि दोन लाखांचा दंड ठोठावला. ४ एप्रिल २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द करून प्रमाणपत्र कायम ठेवलं. त्याच दिवशी त्यांनी लोकसभेचा अर्ज भरला. म्हणजे बघा, जवळजवळ पूर्ण मुदत ‘खासदार आहेत की नाहीत’ यातच गेली. रामटेकच्या बाईंचा दाखला उमेदवारी जाऊन सहा महिन्यांनी परत आला, अमरावतीच्या बाईंचा अर्ज भरायच्या दिवशी. निकालांच्या बऱ्यावाईटावर मी बोलत नाही, ते कायदेवाल्यांचं काम. पण मतदार म्हणून मला पाच वर्षं लटकवून ठेवलं याचा जाब कुणाला विचारू?

सावजी_समीक्षक
अगदी हेच. वेळ हे हत्यार झालंय. शेजारी छत्तीसगडात अजित जोगींचं बघा. नोव्हेंबर २००० पासून पहिले मुख्यमंत्री, आणि ते कंवर आदिवासी आहेत की नाहीत हा वाद त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीला चिकटलेला. उच्चस्तरीय समितीनं दावा फेटाळला ऑगस्ट २०१९मध्ये. मे २०२०मध्ये ते वारले. दावा खोटा असेल तर खऱ्या आदिवासीची जागा इतकी वर्षं अडली, आणि खरा असेल तर माणूस डाग घेऊन गेला. दोन्हींत समितीचं काय गेलं?

खडूस_काका
समीक्षक, तुम्ही राखीव आणि बिनराखीव असा छान फरक केलात, पण सोनिया गांधी कुठं बसवता? मे १९९९, पवार-संगमा-अन्वर यांचं पत्र, परदेशी जन्माचा मुद्दा, जूनमध्ये राष्ट्रवादीचा जन्म. तिथं राखीव जागा नव्हती. तरी प्रश्न सर्वोच्च पदाचा होता. अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्ष जन्मानंच नागरिक असावा लागतो, घटनेतच लिहिलंय. मग आपण विचारलं तर आपण संकुचित?

सावजी_समीक्षक
काका, अमेरिकेनं अट घटनेत लिहिली, आपण लिहिली नाही. सोनियांना नागरिकत्व १९८३मध्ये मिळालं आणि आपल्या घटनेत तेवढं पुरतं. अट हवी असेल तर घटनादुरुस्ती मागा, निवडून या, करा. ते न करता सभेत ‘परदेशी’ म्हणून टाळ्या घ्यायच्या, याला मी छाननी म्हणणार नाही. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात राष्ट्रवादी सोनियांच्याच काँग्रेसबरोबर सत्तेत बसली. मुद्दा एवढा जिव्हाळ्याचा होता तर सहा महिनेही का टिकला नाही?

खडूस_काका
हा घाव बरा बसला. पण मी माझ्या मतावर आहे. वरच्या पदाला जास्त प्रश्न, एवढंच म्हणणं.

डॉलरबापू
अवांतर : आपण उलटं पण करतो. लिओ वराडकर २०१७ला आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आमच्या मराठी मंडळात पेढे वाटले. मालवण तालुक्यातल्या वराड गावाला ते डिसेंबर २०१९मध्ये आईवडिलांसह येऊन गेले, गावानं डोक्यावर घेतलं. आई आयरिश, जन्म डब्लिनचा. तिकडं कुणी त्यांना ‘तू नक्की आयरिश का?’ विचारलं की आपण चिडतो, आणि इथं आपणच ‘आमचा मालवणी पोरगा’ म्हणतो. हॅरिसबाईंच्या आजोळी, तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरमला, त्यांच्यासाठी देवळात पूजा झाल्या. त्यांनी भारताची बाजू घेतली नाही की हीच मंडळी ‘ही कसली आपली’ म्हणायला तयार.

दादाभाई नौरोजींच्या वेळी निदान सरळ मामला होता. १८८८ साली पंतप्रधान सॉल्झबरी जाहीर सभेत म्हणाले की इंग्रज मतदार अजून काळ्या माणसाला निवडून देण्याइतका पुढं आलेला नाही. १८९२ला लंडनच्या फिन्सबरीनं दादाभाईंना ब्रिटिश संसदेत निवडून दिलं. मताधिक्य बोटावर मोजण्याइतकं, पण दिलं.

बर्डीचा_अर्जनवीस
बापू, एक विचारू? त्या हॅरिसबाईंना कोणी वाढवलं?

डॉलरबापू
आईनं. लहानपणीच आईवडील वेगळे झाले.

बर्डीचा_अर्जनवीस
मग ऐका. या बाई नागपुरात जन्मल्या असत्या तर माझ्या टेबलावर त्यांची वंशावळ बापाच्या बाजूनं लिहिली गेली असती. पणजोबा, आजोबा, काका, चुलतभाऊ. आईचं नाव फक्त अर्जदाराच्या नावापुढं, तेही असलं तर. श्यामलाबाईंनी एकटीनं पोरी वाढवल्या याला नमुन्यात रकाना नाही. तुमच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय रक्ताचा एक थेंब कोणत्याही बाजूनं आला तरी धरतात, आमच्याकडं फक्त बापाचा धरतात.

संत्राबर्फी
अर्जनवीस काका, इथंच विचारते, कारण हे माझंच आहे. मी अनुसूचित जातीची. नवरा खुल्या प्रवर्गातला, मुलगी दीड वर्षांची असताना वेगळे झालो. ती माझ्या माहेरी, माझ्या वस्तीत वाढली. वर्गात काय ऐकून घ्यायचं ते माझी मुलगी म्हणूनच ऐकलं. आता बारावीनंतर दाखला लागेल. कचेरीत सांगितलं, बापाची जात तीच मुलीची, जा.

बर्डीचा_अर्जनवीस
ताई, कचेरीत अर्धवट सांगितलं. बापाची जात मुलाला लागते हे गृहीतक आहे, पण ते खोडून काढता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली गुजरातच्या एका प्रकरणात म्हटलं आहे की आंतरजातीय किंवा आदिवासी-बिगरआदिवासी लग्नातलं मूल आईच्या समाजात, आईकडच्यांसारखेच हाल सोसत वाढलं, हे पुराव्यानं दाखवता येईल, आणि प्रत्येक प्रकरण ज्याच्या त्याच्या पुराव्यावर ठरेल. म्हणून पुरावा तगडा पाहिजे.

तुमचं स्वतःचं जात प्रमाणपत्र आणि असेल तर वैधता प्रमाणपत्र. तुमच्या वडिलांची, आजोबांची १९५०च्या आधीची नोंद. घटस्फोटाचा हुकूमनामा, त्यात ताबा तुमच्याकडं असल्याचं लिहिलेलं पान. मुलीचे पहिलीपासूनचे शाळेचे दाखले, पत्ता तुमच्या माहेरचा दिसला पाहिजे. रेशनकार्ड. शेजाऱ्यांची शपथपत्रं, पण ज्यांनी तिला लहानाची मोठी होताना पाहिलं अशांचीच, नातेवाइकांची नको. अर्ज लेखीच द्या आणि नकारही लेखीच मागा, तोंडी ‘जा’ ऐकून परत येऊ नका. लेखी नकाराशिवाय अपील करता येत नाही.

संत्राबर्फी
शाळेच्या दाखल्यावर पहिलीत वडिलांची जात लागली आहे. तेव्हा सासऱ्यांनी नाव घातलं होतं.

बर्डीचा_अर्जनवीस
ती नोंद लपवू नका. पथक मूळ रजिस्टर बघतेच. नाव कोणी घातलं, तेव्हा तुम्ही कुठं होता, हे शपथपत्रात पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकू. कागद घेऊन या, सकाळी अकराच्या आत. दुपारनंतर स्टॅम्पवाल्याकडं रांग असते.